मावशीचे घर रिकामे करताना

सदाशिव पेठेतील माझ्या मावशीच्या दोन खोल्यांमध्ये जुनी वर्तमानपत्रे, रिकाम्या बरण्या आणि धुऊन घडी घातलेल्या दुधाच्या पिशव्या छतापर्यंत पोहोचल्या होत्या. वस्तू टाकून देता न येण्याच्या या विकाराला अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या वर्गीकरणात २०१३ पासून स्वतंत्र स्थान आहे, हे आम्हाला फार उशिरा कळले. तोवर आम्ही तिच्यावर केवळ रागावत होतो.

ती घरात अडखळून पडली, रुग्णालयात दाखल झाली आणि त्या घाईत आम्ही एका सफाई कंत्राटदाराला बोलावले. त्याने घर न पाहता फोनवरच टेम्पोमागे दर सांगितला आणि निम्मी रक्कम आगाऊ घेतली. टेम्पो केवढा आणि तो कुठपर्यंत भरायचा, हे आम्ही विचारलेच नाही. अर्धे भरलेले टेम्पो एकामागून एक निघत राहिले आणि पहिल्याच खोलीचा खर्च अंदाजाच्या दुप्पट झाला. तांब्या-पितळेची भांडी आणि सगळी रद्दी मोडीत घालून आलेले पैसेही त्यानेच ठेवले. म्हणजे माल उचलण्याची मजुरी आमच्याकडून आणि मालाची किंमत भंगारवाल्याकडून, असे त्याने दोन्हीकडून घेतले. बिल मागितल्यावर त्याने अठरा टक्के जीएसटी जोडला, पण कागदावर नोंदणी क्रमांक नव्हता. हा क्रमांक जीएसटीच्या संकेतस्थळावर कोणालाही पडताळता येतो, त्यामुळे तो आधीच मागायला हवा होता. ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करावी म्हटले, तर हाती लेखी काहीच नव्हते.

दुसऱ्या खोलीच्या वेळी निवडण्याचे काम आम्ही स्वतःकडे ठेवले आणि उरलेले वाहून नेण्यापुरताच माणूस बोलावला. त्याने घर पाहून एकूण रक्कम लिहून दिली आणि पैसे काम संपल्यावर घेतले. वैधमापन विभागाचा शिक्का असलेला काटा पाहूनच रद्दी घातली. बंद पडलेले मिक्सर कचरावेचकांच्या ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेकडे दिले. वर्तमानपत्रांच्या एका गठ्ठ्यात मावशीच्या मुदत ठेवीच्या दोन पावत्या निघाल्या. पहिल्या खोलीतून असे काय काय गेले असेल, हा विचार अजूनही मनातून जात नाही.

या वेळी मावशी स्वतः खुर्चीवर बसून होती. तिला न विचारता आम्ही काहीही बाहेर काढले नाही, म्हणून एका खोलीला अकरा दिवस लागले. दुधाच्या पिशव्यांचा शेवटचा गठ्ठा तिने स्वतःच्या हाताने दारापर्यंत आणून दिला.