तळघरातलं धनुष्य

रविवारी भिंतीला ड्रिल लावायचं धाडस जर्मनीत सहसा कोणी करत नाही. आमच्या जिन्यात तर आधी चिठ्ठी चिकटते, मग घरमालकाचा फोन येतो. मला वेळ मिळतो तो नेमका रविवारी. तेव्हा मॅनहाइममधल्या आमच्या इमारतीच्या तळघरात, भाडेकरूंना मिळणाऱ्या जाळीच्या खोलीत, बिनआवाजाचंच काहीतरी हवं होतं. तापलेली तार थर्माकोल कापताना फक्त फुसफुसते.

मखरवाल्याकडे असायचं तेच हे कटर. फरक इतकाच की मला मखर नव्हे, मॉडेल ग्लायडरचे, म्हणजे बिनइंजिनाच्या छोट्या विमानाचे, पंख कापायचे होते. थर्माकोलला इथे श्टिरोपोर म्हणतात. हे नाव बीएएसएफचं, १९५१ सालचं, आणि ती कंपनी आमच्यासमोर ऱ्हाइनपलीकडे लुडविग्सहाफेनला आहे.

सांगाडा फुकट मिळाला. लोक जुनं फर्निचर ठरल्या दिवशी रस्त्यावर ठेवतात, त्यात एका पलंगाच्या लाकडी पट्ट्या होत्या. त्या मुळातच बाकदार आणि लवचीक असतात. एका पट्टीच्या दोन टोकांना वीतभर पाय ठोकले, मध्ये ९० सेंटिमीटर नायक्रोमची (हीटरमध्ये असते तशी) तार ताणली, धनुष्य तयार. स्प्रिंग लागलीच नाही. तार तापली की तीन-चार मिलिमीटर लांबते, तो ढिलेपणा पट्टी आपणच खेचून घेते.

विजेने मात्र पहिल्या दिवशी फजिती केली. ०.४ मिलिमीटर जाडीच्या त्या तारेचा रोध साधारण ८ ओहम. जुन्या राउटरचा १२ व्होल्टचा अडॅप्टर लावला तर दीड अँपिअर, म्हणजे जेमतेम १८ वॅट. तार थर्माकोलला नुसती चाटत बसली. मग लॅपटॉपचा १९ व्होल्टचा चार्जर काढला: ४५ वॅट. आता लोण्यातून सुरी! मध्ये एलईडी पट्ट्यांचा डिमर टाकलाय, कारण तार लाल व्हायला नको. लाल झाली की कापत नाही, वितळवत सुटते, आणि धूरही फार होतो. खिडकी तशीही उघडीच ठेवतो. सोफ्यातला फोम किंवा पीव्हीसी मात्र या तारेखाली कधीच घालू नका, त्यातून विषारी वायू निघतात.

असा पंख एकट्याने कापणं कठीण. ठोकळ्याच्या दोन्ही बाजूंना प्लायवूडचे साचे लावायचे आणि तार त्यांच्या कडेवरून सरकवायची. पंखाच्या बुडाचा साचा २१ सेंटिमीटर, टोकाचा १५. दोन्हींवर ३० खुणा, म्हणजे इकडे ७ मिलिमीटरला एक, तिकडे ५ ला. दोघांनी एकाच वेळी एकाच आकड्यावर यायचं आणि मध्ये थांबायचं नाही. थांबलात तिथे खड्डा पडतो.

दुसऱ्या टोकाला तळमजल्यावरचे निवृत्त आजोबा आले. (तोंडावर अर्थात ‘हेर’, म्हणजे श्रीयुत, आणि आडनाव; इथे आजोबा म्हणायची सोय नाही.) मी जर्मनमध्ये मोजताना अडखळायला लागलो तेव्हा तेच म्हणाले, तुमच्या भाषेत मोजा, मला फक्त शेवटचा आकडा सांगून ठेवा. सांगितला: तीस. एकवीस, बावीस ऐकून तर ते खूश झाले, कारण जर्मनमध्येही एक आधी आणि वीस नंतर. सव्वीस, सत्तावीस, अठ्ठावीस, हात अगदी बरोबरीने सरकत होते.

मी म्हणालो, “एकोणतीस.”

त्यांनी ‘तीस’ ऐकलं आणि तार झटक्यात उचलली. पंखाच्या टोकाची मागची कडा उंदराने कुरतडल्यासारखी झाली.

प्रकार समजावून सांगितला. त्यांनी चष्मा काढून विचारलं, “म्हणजे तीस यायच्या आधीच तुम्ही त्याचं नाव घेऊन टाकता?”

दुसरा पंख जर्मनमध्ये मोजला.