रंगाचं कोटेशन आणि मापाच्या कागदाचे १९ दिवस : माझा अनुभव

घर रंगवून झालं, भिंती छान दिसतायत, पण भिंतींच्या मापाच्या एका कागदासाठी १९ दिवस जी वाट बघितली, तिचा राग अजून गेलेला नाही. म्हणून लिहायला बसले. पेंटर शोधणं, शेड निवडणं, सामान हलवणं, यातलं काहीच अडलं नाही. अडलं ते एकाच ठिकाणी: पेंटरने सांगितलेला आकडा रास्त आहे की नाही, हे कळणार कसं?

तीन खोल्या रंगवायच्या होत्या, एक हॉल आणि दोन बेडरूम. स्वयंपाकघर आणि बाथरूमचं काम आधीच झालेलं होतं, तिथे हात लावायचा नव्हता. तिघांकडून कोटेशन घेतली. सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत महाग यांत जवळजवळ दुपटीचा फरक. घरातल्यांचं मत पडलं, मधला घेऊन टाका. मलाही ते पटलं होतं. पण मोठी चूक नेमकी त्या मधल्याच्याच कागदावर निघाली.

स्वस्तवाल्याचं आधी सांगते, ते लवकर संपतं. त्याच्या कागदावर एकच ओळ होती, ‘तीन खोल्या रंगकाम, सामानासह’. किती हात (म्हणजे थर), कुठला रंग, पुट्टी (भिंत सपाट करणारा लेप) किती, काही नाही. फोन करून विचारलं तेव्हा कळलं की खड्डे असतील तिथे पुट्टी, प्रायमर (रंग धरावा म्हणून आधी मारायचा थर) नाही आणि वरून रंगाचे दोन हात. हॉलमध्ये जुना डिस्टेंपर, म्हणजे खडूसारखा स्वस्तातला रंग, होता. मी भिंतीवर तळहात फिरवला तर अख्खा पंजा पांढरा झाला, पीठ लागल्यासारखा. अशा भिंतीवर खरवडल्याशिवाय आणि प्रायमर मारल्याशिवाय रंग धरत नाही, वर्षभरात पोपडे सुटायला लागतात. म्हणजे त्याचा आकडा स्वस्त नव्हता, त्यात कामच कमी होतं. तुमच्याकडे कोटेशन आलं असेल तर आधी उठून ही तळहाताची परीक्षा करा. दोन मिनिटांत कळतं की खरवडण्याची मजुरी मागणारा खरं बोलतोय की नाही.

आता मधला. त्याचा कागद दिसायला नीटनेटका. पुट्टी दोन हात, प्रायमर एक हात, इमल्शन (पाण्यात मिसळणारा प्लास्टिक रंग) दोन हात. शेवटी ‘एकूण क्षेत्रफळ २,४०० चौरस फूट’ आणि चौरस फुटाच्या दराने गुणून आलेली रक्कम. दर इतरांच्या तुलनेत ठीक होता. खटकलं ते २,४००. इतका गोल आकडा कुठल्या भिंतींचा येतो? मी फोन केला.

“दादा, खोलीवार माप पाठवता का?”

“माप आहे ना आमच्याकडे, ताई. पाठवतो संध्याकाळी.”

ती संध्याकाळ काही आली नाही. चौथ्या दिवशी परत फोन केला, तर वही मुलाकडे आहे आणि मुलगा बाहेरगावी गेलाय. आठव्या दिवशी मुलगा आला होता, पण वही सापडत नव्हती. नवव्या दिवशी फोनवर फोटो आला, मी आशेने उघडला, तर तोच जुना कागद, खाली तेच २,४००. बाराव्या दिवशी त्यांचं काम जिथे चालू होतं तिथे मी स्वतः गेले. ते शिडीवर होते, हातात रोलर. खाली न उतरताच म्हणाले, “तुम्हाला माप कशाला हवंय, ताई? फायनल आकडा बघा. काय कमी-जास्त करायचं ते बोला, करून टाकू.” आणि तिथल्या तिथे दहा टक्के कमी केले.

मला राग आला तो याचा. मी सूट मागितलीच नव्हती, मी हिशोब मागितला होता. घासाघीस करून दहा टक्के उतरवले की आपल्याला वाटतं जिंकलो. पण क्षेत्रफळ पंचवीस टक्क्यांनी फुगलेलं असेल तर दहा टक्के सोडून देणाऱ्याचं काहीच जात नाही. म्हणून माझं कळकळीचं सांगणं आहे, एकूण रकमेवर घासाघीस करूच नका. आधी माप मागा. ते जोवर मिळत नाही, तोवर त्या रकमेला अर्थ नाही.

त्या रात्री टेप काढला. मला वाटलं होतं दिवस जाईल, पण तिन्ही खोल्यांना पाऊण तास पुरला. पद्धत सोपी आहे. खोलीच्या चारही भिंतींच्या लांबीची बेरीज करायची, तिला उंचीने गुणायचं आणि त्यात छत मिळवायचं. आमची उंची सगळीकडे १० फूट. हॉल १८ बाय १२, म्हणजे भिंती ६०० आणि छत २१६, मिळून ८१६. मोठी बेडरूम १२ बाय १०: ४४० आणि १२०, मिळून ५६०. लहान ११ बाय १०: ४२० आणि ११०, मिळून ५३०. एकूण १,९०६ चौरस फूट, तेही दारं-खिडक्या अजिबात वजा न करता. मग २,४०० आले कुठून?

कॅल्क्युलेटर घेऊन बराच वेळ बसले. पेंटर लोक घाईत अंदाज देताना जमिनीच्या क्षेत्रफळाला साडेतीनने गुणतात, हे कधीतरी ऐकलेलं होतं. २,४०० ला साडेतीनने भागलं, उत्तर ६८६ च्या जवळ आलं. घराचे कागद काढून पाहिले: कार्पेट एरिया, म्हणजे घरातली वापरायची जमीन, ६८६ चौरस फूट. म्हणजे स्वयंपाकघर, बाथरूम, सगळं धरून गुणलं होतं. ज्या भिंतींना ब्रश लागणार नव्हता त्यांचेही पैसे त्या रकमेत होते. वहीत माप नव्हतंच, कारण माप कुणी घेतलंच नव्हतं. बारा दिवस मी जे अस्तित्वातच नाही त्याची वाट बघत होते.

पण एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. हाच साडेतीनचा हिशोब फक्त माझ्या तीन खोल्यांना लावला तर ४४६ गुणिले साडेतीन म्हणजे १,५६१ येतात, खऱ्या मापापेक्षा कमी. खोली लहान असली की जमिनीच्या मानाने भिंती जास्त भरतात, मोठा हॉल असला की कमी. तेव्हा हा ठोकताळा नेहमी गिऱ्हाइकाच्याच विरोधात जातो असं नाही, कधी पेंटरचंही नुकसान होतं. मी त्यांना लबाड म्हणणार नाही. सवय होती. पण त्या सवयीचे पैसे मी का भरू?

एकोणिसाव्या दिवशी ते घरी आले. मी माझा कागद पुढे न करता टेप पुढे केला आणि म्हटलं, “एक टोक तुम्ही धरा.” हॉलच्या दोन भिंती मोजून झाल्यावर ते स्वतःच आकडे लिहायला लागले, त्यांच्याच कोटेशनच्या पाठकोऱ्या बाजूवर, कानावरची पेन्सिल काढून. १,९०६ आले. दारं, खिडक्या आणि भिंतीतलं कपाट मिळून १७० चौरस फूट भरत होते. त्यावर ते अडले, खिडक्या वजा करायच्या नाहीत म्हणाले. यात त्यांचं म्हणणं मला पटलं. खिडकीच्या चौकटीलगत रोलर चालत नाही, हाताने ब्रशने कड मारावी लागते, मास्किंग टेप लावावा लागतो, त्यात सपाट भिंतीपेक्षा जास्त वेळ जातो. तेव्हा लहान खिडक्यांचे ५० तसेच ठेवले, दारं आणि कपाटाचे १२० वजा केले. ठरलं १,७८६. तुमचा पेंटर लहान खिडक्या वजा करत नसेल तर त्यावर भांडण काढू नका, पण अख्ख्या भिंतीभर कपाट असेल तर ते जरूर वजा करून घ्या.

माप दुरुस्त झालं की रंगाचे लिटरही आपोआप ताळ्यावर येतात. त्यांनी ४५ लिटर लिहिले होते. प्रायमर मारलेल्या गुळगुळीत भिंतीवर चांगलं इमल्शन एका लिटरमध्ये एका हाताला साधारण ११० ते १३० चौरस फूट जातं, डब्यावर किंवा कंपनीच्या माहितीपत्रकात तसा आकडा असतोच. मी १२० धरले. १,७८६ चे दोन हात म्हणजे ३,५७२, भागिले १२०, तीस लिटर. सांडलवंड धरून ३३. त्यांनीही मान्य केलं.

महागवाल्याबद्दल मात्र माझं मत उलटं झालं. त्यांच्या यादीत एक ओळ होती, लहान बेडरूमच्या बाहेरच्या भिंतीची ओल. मी ती उगाच वाढवलेली समजत होते. त्यांनी सांगितलं म्हणून त्या भिंतीवर हातभर प्लास्टिक चारी बाजूंनी टेप लावून चिकटवलं आणि दोन दिवसांनी काढलं. भिंतीकडच्या बाजूला पाण्याचे थेंब. तो आकडा खरा होता. ओल न थांबवता रंग दिला असता तर तो फुगून निघालाच असता, आणि मग स्वस्त-महाग सगळं सारखंच.

शेवटी मी एक पानभर काम लिहून काढलं आणि तेच पान तिघांना दिलं: १,७८६ चौरस फूट, हॉल खरवडून पुट्टी दोन हात, बेडरूममध्ये पुट्टी शाबूत आहे म्हणून फक्त टचअप, प्रायमर एक हात, इमल्शन दोन हात, रंगाचा प्रकार, ओलीचं काम वेगळ्या ओळीत, सामान आणि मजुरी वेगवेगळी. दुपटीचा फरक होता तो एका सहाव्या हिश्श्यावर आला. स्वस्तवाला वर चढला, मधला खाली आला. हे पान मी पहिल्याच दिवशी द्यायला हवं होतं, १९ दिवस वाचले असते. बेडरूमची ती ओळ विसरू नका. जिथे फक्त टचअप पुरतं तिथे अख्ख्या भिंतीच्या पुट्टीचे पैसे लागू शकतात.

काम मी मधल्यालाच दिलं. टेपचं दुसरं टोक धरून त्यांनी आकडा बदलला, हे मला महत्त्वाचं वाटलं. काम त्यांनी उत्तम केलं.

आणखी काही गोष्टी आठवतायत. गडद रंगावर फिका द्यायचा असेल तर दोन हातांत मागचा रंग झाकला जाईलच असं नाही. तिसऱ्या हाताचा दर आधीच लिहून घ्या. पुट्टी घासून झाली की रात्री दिवे बंद करून भिंतीला लागून तिरका टॉर्च मारा. लाटा, ओरखडे सगळे दिसतात आणि ते प्रायमरच्या आधीच दुरुस्त होतात. हॉलमध्ये मी अकरा जागी पेन्सिलने गोल केले, त्यांनी कुरकुर न करता परत घासून दिलं. घर फार जुनं असेल तर जुन्या रंगात शिसं असू शकतं, तेव्हा खरवडताना लहान मुलांना तिथे थांबू देऊ नका. पैसे टप्प्याने द्या: थोडी उचल, पुट्टी-प्रायमर झाल्यावर एक हप्ता, आणि शेवटचा हप्ता दिवसाउजेडी सगळ्या भिंती बघितल्यावर. डबे सीलबंद आले पाहिजेत आणि रिकामे डबे काम संपेपर्यंत घरातच ठेवायला सांगा, म्हणजे लिटर मोजता येतात. आमच्याकडे ३२ लागले, उरलेला एक लिटर घट्ट झाकण लावून माळ्यावर ठेवलाय. शेडचा नंबर त्या डब्यावर आहे, आणि मापाच्या त्या कागदावरही लिहून तो कपाटाच्या दाराला आतून चिकटवलाय.