तुम्ही विचारलंत म्हणून: लहान मुलं उपासनेत बसवावीत का?

ठाणे, कळवा, वाशी, नेरुळ, कुठल्याही मराठी ख्रिस्ती मंडळीत (म्हणजे चर्चमध्ये) रविवारची उपासना सुटली की तरुण आईबाप विचारतात: तीन-चार वर्षांचं मूल दीड तास बसत नाही, मग त्याला आत आणावं, की समज येईपर्यंत संडे स्कूललाच, म्हणजे मुलांच्या रविवारच्या वर्गालाच, पाठवावं? हाच प्रश्न ज्येष्ठ मंडळी दुसऱ्या बाजूने विचारतात. मुलांच्या आवाजात उपदेश ऐकू येत नाही, काही करता येईल का? दोघांनाही माझं उत्तर एकच आहे. मुलं आतच हवीत, पहिल्या गीतापासून. तीन ते सात वर्षांच्या मुलांना उपदेशापुरतं वेगळं घेतलं तर चालेल, पण शेवटच्या आशीर्वादाआधी ती आईबापांच्या शेजारी परत यायला हवीत. आणि हे जमवणं एकट्या आईवर सोडू नये. उपासनेचा क्रम ठरवणाऱ्यांनी आधी त्यात लक्ष घालावं.

पवित्र शास्त्र या बाबतीत स्पष्ट आहे. बायबलमधल्या अनुवाद या पुस्तकात 31:12 मध्ये नियमशास्त्र ऐकवण्यासाठी पुरुष, स्त्रिया, मुलंबाळं आणि वेशीच्या आत राहणारे परदेशीय, सगळ्यांना जमवायला सांगितलं आहे. योएल 2:16 उपासाच्या सभेला अंगावर पिणाऱ्या बाळांनाही बोलावतो. उपास म्हणजे काय हे त्या बाळांना कळणार नव्हतं, तरी त्यांना बोलावणं होतं. प्रेषित पौलाची पत्रं मंडळीत मोठ्याने वाचली जात (कलस्सै 4:16 मध्ये तशी सूचनाच आहे), आणि इफिस 6:1 मध्ये तो थेट "मुलांनो" अशी हाक मारतो. मुलं समोर बसलेली असणार हे त्याने धरूनच चाललेलं आहे. विरुद्ध बाजूने नहेम्याच्या पुस्तकाचा 8 वा अध्याय दाखवला जातो. तिथे पहाटेपासून दुपारपर्यंत वाचन चाललं आणि ज्यांना ऐकून समजेल असे लोक जमले होते. हा आधार मला मान्य आहे. लांब विवेचनाच्या वेळी लहानग्यांसाठी वेगळी सोय करण्याला माझी हरकत नाही, ती याच कारणाने. पण त्याच पुस्तकात 12:43 मध्ये यरुशलेमच्या तटाच्या समर्पणाच्या दिवशी बायका आणि मुलंही आनंदात सामील होती, आणि तो आनंदघोष दूरवर ऐकू गेला, हेही वाचावं.

संडे स्कूल म्हणजे मुलांची उपासना, हा समज नंतरचा आहे. रॉबर्ट रेक्सने 1780 मध्ये इंग्लंडमधल्या ग्लॉस्टरला ही शाळा सुरू केली ती आठवडाभर कामावर जुंपलेल्या गरीब मुलांना वाचायला शिकवण्यासाठी, कारण सुट्टी फक्त रविवारी असे. ती मुलं चर्चलाही जात. आपल्याकडे मात्र पुष्कळ ठिकाणी दोन्ही एकाच वेळी भरतात, त्यामुळे पाच ते बारा वर्षांचं मूल उपासना म्हणून कधी बघतच नाही. मग तेराव्या वर्षी त्याला अचानक बाकावर आणून बसवतात. ना गीतं पाठ, ना विश्वासांगीकार (विश्वासाची कबुली) तोंडी, कधी उभं राहायचं हेही माहीत नाही. कॉलेजात गेल्यावर ही मुलं येईनाशी होतात, याचं मला तरी नवल वाटत नाही.

कॅथलिक चर्चने या बाबतीत चांगली तोड काढली आहे. रोमने 1973 मध्ये मुलांच्या मिस्सेबद्दल (मिस्सा म्हणजे कॅथलिक उपासना) मार्गदर्शिका काढली. तिच्यानुसार मोठ्यांच्या मिस्सेत शास्त्रवाचन आणि प्रवचनापुरतं मुलांना जवळच्याच दुसऱ्या खोलीत नेता येतं आणि पुढच्या विधीसाठी परत आणलं जातं. नवी मुंबईतल्या मल्याळी ऑर्थोडॉक्स कुटुंबांत तर बाप्तिस्मा झालेल्या तान्ह्या बाळालाही पवित्र सहभागिता, म्हणजे प्रभुभोजन, मिळते, म्हणून तिथे हा प्रश्न वेगळा उभाच राहत नाही.

आता घड्याळाकडे वळू, कारण खरी अडचण तिथे आहे. आपली मराठी उपासना साधारण नव्वद मिनिटांची. त्यात उपदेश तीस-पस्तीस मिनिटं, मध्यस्थीची (इतरांसाठी करायची) प्रार्थना दहा-बारा आणि मंडळीच्या सूचना आणखी दहा. चार वर्षांचं मूल उपदेशात हातातून जातं असं आपण म्हणतो, पण बारकाईने पाहिलं तर ते त्याआधीच, सूचनांच्या वेळी गेलेलं असतं. सभेची तारीख, वर्गणी, सहल, आजाऱ्यांची यादी. तोवर मूल बरंच बसलेलं असतं आणि पुढे उपदेश उरलेला असतो. म्हणून मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पास्टोरेट कमिटीला माझी पहिली विनंती ही: सूचना व्हॉट्सॅपवर टाका किंवा आशीर्वादानंतर करा. दुसरी विनंती, बसून ऐकण्याचे दोन लांब भाग लागोपाठ ठेवू नका. प्रार्थना आणि उपदेशाच्या मध्ये उभं राहून म्हणायचं गीत घ्या. अर्पण त्याच गीतात घ्या आणि मुलांना स्वतःच्या हाताने टाकू द्या. मध्यस्थीची प्रार्थना पाच-सहा छोट्या भागांत करून प्रत्येक भागानंतर मंडळीने "हे प्रभू, आमची प्रार्थना ऐक" म्हटलं, तर तीन वर्षांचं मूलही दुसऱ्या खेपेपासून तोंड उघडतं.

जागेचं काय? ठाण्यात 1825 पासूनचं सेंट जेम्स चर्च आहे, आणि खारघर-कामोठ्यात शाळेचा हॉल रविवारी दोन तास भाड्याने घेणाऱ्या मंडळ्याही आहेत. इमारत कुठलीही असो, लहान मुलांची कुटुंबं मागे बसतात. ही सवय बदलावी. मागून मुलाला फक्त पाठी दिसतात, मग ते बाकाखाली खेळ शोधतं. दुसऱ्या-तिसऱ्या रांगेत, मधल्या वाटेच्या कडेला बसा. तिथून पाळकसाहेबांचं (मंडळीच्या धर्मगुरूंचं) तोंड, वाद्यं, बाप्तिस्म्याचं पात्र, प्रभुभोजनाचं मेज सगळं दिसतं आणि गरज पडली तर उठून बाहेरही जाता येतं. फक्त स्पीकरच्या समोर बसू नका. भाड्याच्या हॉलमध्ये स्पीकर खुर्चीच्या उंचीवर ठेवलेला असतो आणि तान्ही बाळं रडण्याचं ते एक मोठं कारण आहे. मोठ्या आवाजाने घाबरणारी किंवा स्वमग्न मुलं असतील तर त्यांच्यासाठी मागच्या दाराजवळची दोन खुर्च्यांची जागा राखून ठेवा. लोकलच्या मेगाब्लॉकच्या रविवारी दिव्याहून किंवा पनवेलहून येणारी कुटुंबं उशिरा पोचतात. त्या दिवशी सेवेकऱ्यांनी पुढची रांग धरून ठेवावी, नाहीतर ती कुटुंबं संकोचून दारातच उभी राहतात.

सर्वांत कठीण वय एक ते तीन. चालता येतं, सांगितलेलं थोडं कळतं, थांबता येत नाही. त्यांच्या पिशवीत काय असावं ते नेमकं सांगते, कारण गडबड तिथूनच सुरू होते. स्टीलची बाटली नको, लादीवर पडली की सगळी मंडळी मागे वळते. घुंगरांचे पैंजण आणि पी-पी वाजणारे बूट घरी ठेवा. वेफर्सचं पाकीट नको, केळं किंवा पोळीचे तुकडे डब्यात आणा. शेंगदाणे आणि अख्खी द्राक्षं या वयात घशात अडकतात, द्राक्षं दिलीच तर उभी चिरून. एक कापडी खेळणं आणि एक जाड पानांचं चित्रांचं पुस्तक, जे फक्त रविवारीच हातात मिळेल असं ठरवलं तर त्याचं अप्रूप टिकतं. मोबाइल मात्र अजिबात नको. आवाज बंद ठेवून कार्टून लावलं तरी मागच्या तीन रांगांतली मुलं त्याच पडद्याकडे बघतात, आणि पुढच्या रविवारी तुमचं मूल मोबाइलसाठीच हट्ट धरतं.

मूल रडलं तर? कुरकुर, बडबड, "आई, ते काय आहे?" यासाठी उठू नका, कानात उत्तर द्या. भोकाड पसरलं की मात्र लगेच उठा, शांत करत बसू नका. बाहेर गेल्यावर आवारात खेळायला सोडू नका. कडेवर घ्या, पाणी द्या, आणि चार-पाच मिनिटांत परत आत या. परत येणं फार महत्त्वाचं. रडलं की आवारात घसरगुंडी मिळते हे मुलाला दोनच रविवारांत कळतं. काही मंडळ्यांनी काचेची वेगळी खोली केली आहे. स्तनपानासाठी ती हवीच. पण मुलांच्या कुटुंबांची कायमची जागा तीच झाली, तर तिथे गप्पा सुरू होतात आणि आईसुद्धा उपासनेला मुकते.

ठाणे-नवी मुंबईत आणखी एक अडचण आहे, आणि तिच्याकडे फारसं लक्ष जात नाही. आपली बहुतेक मुलं इंग्रजी माध्यमात आहेत. घरी मराठी बोलतात, पण "पापांगीकार", "मध्यस्थी", "तारण" हे शब्द त्यांच्या कानावर कधी पडलेले नसतात, आणि आठ वर्षांच्या मुलालाही गीतपुस्तकातली देवनागरी अडखळत वाचावी लागते. ते कंटाळलंय असं आपल्याला वाटतं, प्रत्यक्षात त्याला समजतच नसतं. उपाय सोपा आहे. उपासना चालकाने गुरुवारपर्यंत गीतांचे क्रमांक आणि शास्त्रपाठ ग्रुपवर टाकावेत. शनिवारी रात्री घरी तो पाठ एकदा वाचा, तीन अवघड शब्द सांगा, आणि एका गीताचं ध्रुवपद म्हणून घ्या. आपली भजनं आणि अभंगाच्या चालीवरची गीतं मुलांसाठी फार सोयीची आहेत. कडवं पुढे गायलं जातं आणि ध्रुवपद परत परत येतं, त्यामुळे वाचता न येणारं मूलही तिसऱ्या वेळी बरोबर म्हणतं. प्रभूची प्रार्थना आठवड्याला एक ओळ अशी घेतली तर तीन महिन्यांच्या आत पाठ होते. सात वर्षांपुढच्या मुलाला शास्त्रपाठ वाचायला द्या, पण रविवारी सकाळी नव्हे, सोमवारी. अडखळलं तर कुणी मधेच दुरुस्त करू नये.

मुलांसाठी पाच मिनिटांचा छोटा संदेश ठेवणं चांगलं, पण तो बहुतेक ठिकाणी बिघडतो. मुलांना पुढे बोलावतात, माईक तोंडाशी धरतात, मूल काहीतरी निरागस बोलतं आणि सगळी मंडळी हसते. त्या मुलाला वाटतं आपण चुकलो, पुढच्या वेळी ते येत नाही. मुलांना बघण्याची वस्तू करू नका. एक गोष्ट, एक वस्तू हातात, एक वाक्य घरी न्यायला, आणि माईक फक्त बोलणाऱ्याकडे.

उपदेशाच्या वेळी वेगळा वर्ग घेणार असाल तर दोन नियम पाळाच. वर्गात कायम दोन प्रौढ, एकाच घरातले नकोत, दार उघडं, आणि शौचालयात मुलाला नेताना दुसऱ्याला सांगून जायचं. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या 2012 च्या पॉक्सो कायद्यानुसार अशा गुन्ह्याची माहिती असूनही पोलिसांना न कळवणं हाही गुन्हा आहे. पाळक, शिक्षिका, कमिटीचे सभासद सगळ्यांना हे माहीत हवं, आणि "मंडळीची बदनामी नको" म्हणून कुणीही गप्प बसता कामा नये. दुसरा नियम पाळीचा. त्याच दोन ताई वर्षभर वर्ग घेतात आणि वर्षभर एकही उपदेश ऐकत नाहीत, हा अन्याय आहे. चार जोड्या करा, म्हणजे प्रत्येकीला महिन्यातून एकदाच बाहेर जावं लागेल. पुरुषांनाही त्यात घ्या.

ज्येष्ठांची तक्रार खोटी नाही. कानाला कमी ऐकू येणाऱ्या आजोबांसाठी मुलाची बडबड खरंच उपदेश बुडवते. त्यांना पुढच्या रांगेत, स्पीकरच्या बाजूला जागा द्या, मुलांची कुटुंबं दुसऱ्या अंगाला. पण मागे वळून बघणं आणि "शूऽऽ" करणं थांबवायला हवं. जी आई लाजून एकदा उठून जाते, ती पुढचे कित्येक रविवार येत नाही. मंदिरात "होसान्ना" ओरडणाऱ्या मुलांवर मुख्य याजक संतापले, तेव्हा प्रभू येशूने कुणाची बाजू घेतली ते मत्तय 21 मध्ये आहे. मदतच करायची तर एका आजीने त्या आईशेजारी बसावं आणि धाकट्याला मांडीवर घ्यावं. वडील रविवारी ड्यूटीवर असलेली घरं आपल्याकडे पुष्कळ आहेत.

राहिला प्रभुभोजनाचा प्रश्न. मूल हात पुढे करतं आणि आईबाप घाईने तो मागे ओढतात. चर्च ऑफ नॉर्थ इंडियात 1970 साली वेगवेगळ्या प्रोटेस्टंट परंपरा एकत्र आल्या, तिथे बालकांचा बाप्तिस्माही मान्य आहे आणि मोठेपणी घेतलेलाही. सहभागितेची रीतही मंडळीप्रमाणे वेगळी असते, बऱ्याच ठिकाणी ती दृढीकरणानंतर, म्हणजे मोठं झाल्यावर स्वतः विश्वास कबूल करण्याच्या विधीनंतर. म्हणून शनिवारीच पाळकसाहेबांना विचारून घ्या, आणि मुलाला घरी सांगून ठेवा: तू माझ्याबरोबर पुढे यायचं, हात जोडायचे, पाळकसाहेब तुझ्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद देतील. पाळकसाहेबांनाही आधी कळवा, नाहीतर भाकरीचं ताट घेऊन ते पुढच्या माणसाकडे जातात आणि मूल हात जोडून तसंच उभं राहतं.