आधी कोणाला वगळलंय ते वाचा
आज वॉर्डच्या राउंडला रेसिडेंट डॉक्टरने फोनच पुढे केला. ‘मॅडम, फीस्ट ट्रायल. बोलस नको.’ बोलस म्हणजे थोड्या वेळात झपाट्याने दिलेलं सलाइन, आणि फीस्ट हा त्यावरचा अभ्यास. समोर जुलाबाने डोळे खोल गेलेलं पोर. पोटाची कातडी चिमटीतून सोडली तरी तशीच उभी. सलाइन जोडायला लावलं आणि म्हटलं, आता ॲबस्ट्रॅक्टच्या, म्हणजे पेपरच्या सारांशाच्या, पुढे वाच. २०११ चा अभ्यास. युगांडा, केनिया, टांझानियातली तीन हजारांवर मुलं, ताप आणि गंभीर संसर्ग, निम्म्याहून जास्त जणांना मलेरिया. ४८ तासांत बोलसवाल्यांत साधारण १०.५ टक्के मृत्यू, बाकीच्यांत ७.३. भल्याभल्यांची झोप उडवणारा आकडा! पण गॅस्ट्रोची मुलं त्यात घेतलीच नव्हती. संध्याकाळी डेंग्यूच्या मुलावरून तोच पेपर पुन्हा उघडला. तिथे मात्र आमचं अजून एकमत नाही.