आमची वाटचाल : ‘लिवून आमका काय गावतला?’

2014 साली पुण्यातली नोकरी सोडून आम्ही तिघे वेंगुर्ल्याला परत आलो आणि घराच्या पडवीत दोन टेबलं मांडून डेटाचं काम सुरू केलं. ‘बिग डेटा’ म्हणजे नेहमीच्या साधनांना न आवरणारी अफाट माहिती. हा शब्द तेव्हा जो तो बोलत होता. विश्लेषक डग लेनी यांनी 2001 मध्येच माहितीचं प्रमाण, वेग आणि वैविध्य ही तीन आव्हानं मांडली होती. 2006 मध्ये हडूप हे सॉफ्टवेअर आलं आणि साधे संगणक एकमेकांना जोडून अफाट माहिती हाताळणं लहान कंपन्यांच्याही आवाक्यात आलं. पुण्यात आम्ही तेच काम करत होतो. इथेही तेच करू, असं मनाशी धरून आलो.

पहिलं मोठं काम एका काजू प्रक्रिया समूहाचं मिळालं. तीन कारखाने, शिवाय बी खरेदीची केंद्रं. आम्ही चार संगणक जोडून क्लस्टर उभा केला, स्क्रीनवर आलेख दिले. तीन महिन्यांनी पाहिलं, तर ते कुणी उघडलेच नव्हते. तिन्ही कारखान्यांची सगळी माहिती एका पेनड्राइव्हवर मावत होती. तिला क्लस्टरची गरजच नव्हती. गरज कशाची आहे, हे आम्ही कुणाला विचारलंच नव्हतं. चूक आमची होती. त्या कामाचं उरलेलं बिल आम्ही लावलं नाही.

मग मी कारखान्यात जाऊन बसायला लागलो. बी उकडतात, थंड करतात, कटिंग होतं, गर ड्रायरमध्ये जातो, मग सोलणी आणि ग्रेडिंग. अख्खा पांढरा गर एका पौंडात साधारण 320 बसला, तर तो डब्ल्यू 320. तोच तुकडा झाला की भाव उतरतो. ग्रेडिंगच्या टेबलावरच्या एक काकी माझी वही बघून म्हणाल्या, “रे झिला, ह्यां सगळां लिवून आमका काय गावतला?” हे लिहून त्यांना काय मिळणार, याचं उत्तर मला देता आलं नाही. मग त्याच म्हणाल्या, “तुकडो बियेन पडता काय मशिनीन, तां सांगा बघू.”

आमच्या धंद्याची खरी सुरुवात मी त्या दिवसापासून धरतो. प्रश्न मिळाला होता आणि तो रोज तुकडे वेचणाऱ्या माणसाचा होता.

तरी पहिल्या दोन महिन्यांच्या नोंदी कुचकामी निघाल्या. रजिस्टर उघडलं की तुकड्याचं वजन 20 किलो, 25, 15, पुन्हा 20. जवळजवळ प्रत्येक आकडा पाचाने किंवा शून्याने संपणारा. वजनकाटा असे गोल आकडे देत नाही. नोंद करणाऱ्या बायकांना भीती होती की तुकडा जास्त दिसला तर मजुरी कापली जाईल, म्हणून त्या अंदाजाने बेताचा आकडा लिहीत होत्या. मालकांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी काम थांबवून सगळ्यांना एकत्र बोलावलं आणि या वहीवरून कुणाचा एक रुपयाही कापणार नाही, असा शब्द दिला. तो त्यांनी पाळला. पुढच्या आठवड्यापासून 17.4, 22.9, 13.6 असे आकडे यायला लागले. ते पान मी अजून जपून ठेवलंय.

नंतरचे सहा महिने शब्द जुळवण्यात गेले. एका कारखान्यात गोण 80 किलोची, दुसऱ्यात 75 ची. एकीकडे ‘तुकडा’ म्हणजे दुभंगलेली पाकळीही, दुसरीकडे फक्त चुरा. यात दिसण्यासारखं काहीच नसतं, पैसे द्यायलाही कुणी तयार नसतं. पण डेटाच्या कामाचा सगळ्यात मोठा भाग हाच आहे आणि तो टाळला की वर कितीही महागडं सॉफ्टवेअर बसवा, उत्तर चुकतं.

काकींच्या प्रश्नाचं उत्तर अखेर मिळालं. दोष बियेचा नव्हता, मशीनचाही नव्हता. माल जास्त आला की उकडलेली बी रात्रभर थंड व्हायच्या आत कटिंगला जायची, आणि त्याच लॉटमध्ये तुकडा वाढायचा. कटिंगवाल्यांना हे माहीत होतं, पण त्यांच्याकडे पुरावा नव्हता. मालकांनी नव्या मशीनची ऑर्डर थांबवली आणि बी पसरायची जागा वाढवली. आकड्याने निर्णय बदलला हे कारखान्याने डोळ्यांनी पाहिलं आणि त्यानंतर नोंदी लिहा म्हणून कुणाला सांगावं लागलं नाही.

आता ड्रायरमध्ये सेन्सर आहेत. मिनिटाला एक नोंद धरली तर एक सेन्सर दिवसाला 1440 ओळी देतो, आणि आता माहिती खरोखर वाढते आहे. आम्ही स्वतःचा सर्व्हर न ठेवता क्लाउडवर भाड्याने जागा घेतली. मे 2021 मध्ये तौक्ते वादळात वीज गेली तेव्हा कागदी रजिस्टर होतं म्हणून त्या दिवसांच्या नोंदी वाचल्या. ते रजिस्टर आम्ही बंद केलेलं नाही, करणारही नाही.

कोकणात बिग डेटा नवा नाही, हेही सांगायला हवं. हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही समुद्राची माहिती देणारी सरकारी संस्था उपग्रहावरून समुद्राच्या पृष्ठभागाचं तापमान आणि हरितद्रव्य पाहून मासळी कुठे मिळण्याची शक्यता आहे ते मच्छीमारांना कळवते. त्यामागे माहितीचा डोंगर असतो, पण तांडेलाच्या, म्हणजे होडीच्या प्रमुखाच्या, हाती पडते ती दिशा, अंतर आणि खोली. आम्हीही आता तेच धरून चालतो : वापरणाऱ्याच्या हाती काय पडणार, हे ठरल्याशिवाय काम सुरू करत नाही.

सध्या देवगडच्या काही हापूस बागायतदारांनी बोलावलंय. सॉफ्टवेअर कधी बसवता, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, आधी तीन वर्षांच्या वाशी बाजारातल्या विक्रीच्या हिशेबाच्या पट्ट्या आणा. त्यांनी तांदळाच्या दोन गोण्या भरून पाठवल्या. काहींवर हिशेब पेटीचा आहे, काहींवर डझनाचा, आणि पेटीत किती डझन ते निम्म्या ठिकाणी लिहिलेलंच नाही. पडवीत चटई घालून आम्ही त्या वर्षवार लावतो आहोत. मोहोर यायच्या आत हे काम संपवायचं आहे.