आयर्विन पुलापासून शामरावनगरपर्यंत: सांगलीतली वस्ती पायी बघताना

सांगलीत कोण कुठं आणि कसल्या घरात राहतं हे समजून घ्यायचं असेल, तर सुरुवात आयर्विन पुलावरून करा. १९२९ सालचा हा पूल. कृष्णेची पातळी इथं फुटांत मोजतात: ४० फुटांना इशारा, ४५ फुटांना धोका. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. हे आकडे डोक्यात ठेवून पुढं निघालात तर घरांची जोती, भाडी आणि मतदार यादीतली गळती, सगळ्याचा उलगडा होत जातो.

आम्ही काही जण पूरपट्ट्यातल्या वस्त्यांत मतदार नोंदणीचं काम सुरू करणार होतो. त्याआधी वस्ती नीट बघावी म्हणून ही फेरी.

निघण्यापूर्वी कागद चाळा. २०११ च्या जनगणनेत सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेची लोकसंख्या ५,०२,७९३ आहे. पुढची जनगणना २०२१ मध्ये झालीच नाही, त्यामुळं सगळे जण अजून याच आकड्यांवर चालतात. घरयादीच्या तक्त्यांत छप्पर, भिंत, जमीन, खोल्या, पाणी, संडास, इंधन असं सगळं मिळतं. पण जनगणनेचे तेव्हाचे वॉर्ड आणि आजचे प्रभाग एकमेकांशी जुळत नाहीत, ते ओढूनताणून जुळवू नका. अनुसूचित जाती-जमातींची संख्या वॉर्डवार मिळते, धर्माची शहरापुरती. मतदार यादीत जात किंवा धर्म नसतोच. आडनावावरून समाज ठरवायचा मोह होतो, तो टाळा. जैन, लिंगायत आणि मराठा घरांत एकच आडनाव सापडणं आपल्याकडं नवं नाही.

पुलावरून गणपती मंदिर, तिथून गावभाग, म्हणजे जुनी सांगली. इथं घाई करू नका. एका वाड्याच्या दिंडी दरवाज्यात जिन्याखाली विजेचे सात मीटर ओळीनं बसवलेले होते. घरपट्टीला घर एक, पण जनगणनेच्या हिशेबानं कुटुंबं सात, कारण चुली सात. वाटण्या झाल्यात, भिंती मात्र सामाईक, म्हणून दुरुस्तीला कुणीच हात घालत नाही. मीटरच्या बऱ्याच वर, हात उंचावूनही पोचणार नाही इथं, ऑइलपेंटची रेघ आणि शेजारी ‘२०१९’. वाड्यातल्या आजी म्हणाल्या, “पोरं विश्रामबागंत फ्लॅट घेऊन ऱ्हायली. नावं मात्र हितल्याच यादीत हायती.” त्या एका वाक्यात गावभागाची मतदार यादी फुगलेली का दिसते ते कळलं.

सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर, काकानगर या भागात नेमकं उलट आहे. पाणी चढायला लागलं की पहिलं इथं शिरतं. ज्यांना जमलं ते मालक उंचावर गेले आणि खोल्या भाड्यानं दिल्या. पत्र्याच्या खोलीत राहणारी माणसं आहेत, लेकरं जवळच्या शाळेत जातात, पण मतदार यादीत त्यांचं नाव नाही. विचारलं तर जतचं किंवा कवठेमहांकाळचं गाव सांगतात, नाव अजून तिकडंच. घरमालक भाडेकरार लिहून देत नाही, म्हणून पत्त्याचा पुरावा नाही. दर पुराला पहिलं सामान हलवणाऱ्या माणसांना इथल्या नगरसेवकाच्या निवडीत मत नाही, ही गोष्ट मला फार लागली.

शामरावनगरला नदीपेक्षा पावसाचं पाणी जास्त छळतं. काळी माती, निचरा नाही. बराचसा भाग गुंठेवारीचा, म्हणजे बिगरशेती परवानगी न घेता शेतजमिनीचे गुंठ्या-गुंठ्यानं पाडलेले प्लॉट. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट, आणि त्यातही अर्धा घेणारे आहेत. २००१ च्या कायद्यानं अशा घरांना नियमित करायची वाट मिळाली, २०२१ च्या दुरुस्तीनं ती ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांना लागू झाली. एका बोळात दोन घरं शेजारी होती, एकाचं जोतं कमरेएवढं, दुसऱ्याचं रस्त्याच्या खाली. दुसरं घर जुनं. रस्त्यावर दरवेळी मुरूम पडत गेला आणि ते खाली राहिलं. पावसाळ्यात जाणार असाल तर गमबूट घाला, चप्पल चिखलात रुतून बसते.

विश्रामबागेत बंगले, अपार्टमेंट, रुंद रस्ते. तिथं फार थांबावं लागत नाही.

भाडेकरू गाठायचे तर रविवारी सकाळीच जा, इतर दिवशी दाराला कुलूप दिसेल. शनिवारी आठवडी बाजारामुळं रस्ते तुंबतात, तो दिवस टाळा. मतदार यादीच्या त्या भागाची प्रिंट सोबत ठेवा, पहिल्या पानावरची गल्ल्यांची नावं बघूनच चाला. कुणाच्या दारात जाऊन एकदम जात किंवा उत्पन्न विचारू नका. “पाणी कुठवर आलं होतं?” एवढं विचारा, माणसं बसायला पाट देतात आणि पुढचं आपणहून सांगतात. सोबत फॉर्म ६ आणि ८ घ्या: नवीन नावासाठी ६, पत्ता बदलायला ८. ठरलेल्या कागदांपैकी एकही नसला तरी जागेवर पडताळणी करून नोंद होऊ शकते, हे भाडेकरूंना सांगा, बहुतेकांना ते माहीत नसतं. आणि त्या भागाच्या बीएलओंना, म्हणजे मतदार यादीचं काम बघणाऱ्या केंद्रस्तरीय अधिकाऱ्यांना, आधी भेटून घ्या, म्हणजे भरलेले फॉर्म पडून राहत नाहीत.