आबांच्या पायाचं दुसरं ऑपरेशन

आम्ही पारोळ्याकडचे, कपाशीवाले. आबांना जुना मधुमेह, त्यात बिडी. आधी बांधापर्यंत चाललं की पोटरी आवळून यायची, थांबलं की सुटायची. मग रात्री पाय खाटेखाली लोंबता ठेवल्याशिवाय झोप येईना, आणि अंगठा काळा पडला. पायाची रक्तवाहिनी तुंबली होती, म्हणून नाशिकला पायाचा बायपास झाला. त्यांच्याच पायातली शीर वापरून मांडीतलं रक्त गुडघ्याखाली पोचवलं.

घरच्यांना वाटलं, गंगेत घोडं न्हालं. सर्जननी मात्र दवाखान्यातून घरी सोडतानाच सांगितलं की पहिल्या दीड-दोन वर्षांत जोडलेल्या शिरेचा आतला थर जाड होऊन ती अरुंद होऊ शकते, म्हणून डॉप्लर (शिरेतून रक्त कसं वाहतं ते बघणारी सोनोग्राफी) चुकवायचा नाही. पुन्हा ऑपरेशन किती जणांना लागतं, असं मी विचारलं. पायाचा रक्तपुरवठा फार कमी झालेल्यांत बायपास आणि फुगा-स्टेंट (आतून फुगा घालून रक्तवाहिनी रुंद करणं, लागली तर जाळीची नळी बसवणं) यांची तुलना करणाऱ्या, २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बेस्ट-सीएलआय अभ्यासाचे आकडे त्यांनी दाखवले. स्वतःची शीर चांगली असलेल्यांत बायपासनंतर मोठी फेरशस्त्रक्रिया सुमारे ९ टक्क्यांना लागली, तर आधी फुगा-स्टेंट केलेल्यांत सुमारे २३ टक्क्यांना. आकडे ऐकून धीर आला. पण आमच्या आबांना पुन्हा टेबलावर जावं लागलंच.

वर्ष सरायच्या आतच एका डॉप्लरमध्ये कळलं. जेल लावून प्रोब फिरवत असताना हुश्श-हुश्श आवाज गुडघ्याच्या वर एका जागी एकदम चिरका झाला. तंत्रज्ञाचा हात तिथेच थांबला. अरुंद जागेतून रक्त वेगाने जातं, म्हणून तसा आवाज येतो. घोट्याचा बीपी भागिले दंडाचा बीपी, हा आकडाही ०.९ वरून ०.७ वर आला होता. (मधुमेहींच्या रक्तवाहिन्या बऱ्याचदा कडक असतात, त्यामुळे हा आकडा कधीकधी खोटा चांगला दिसतो. नुसत्या त्यावर विसंबू नका.) गंमत म्हणजे आबांना त्रास काहीच नव्हता. "पाय गरम शे आते," म्हणत ते दवाखान्यात यायलाच तयार नव्हते. मोठ्या काकांनी समजूत घातली तेव्हा निघाले.

त्रास होईपर्यंत थांबलो असतो, तर शीर पूर्ण बंद पडली असती आणि तशी बंद पडलेली शीर पुन्हा चालू करणं फार अवघड असतं. अरुंद असतानाच सापडली, म्हणून जांघेतून फुगा घालून रुंद करता आली आणि पायाला नवी चीर द्यावी लागली नाही.

बिडी चालू ठेवली तर जोडलेली शीर बंद पडायचा धोका सुमारे तिप्पट होतो, हे आबांनी सर्जनच्या तोंडून ऐकलं आणि आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आधी बिडीचं बंडल स्वतःहून काकांकडे दिलं. ॲस्पिरिन आणि स्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी) रोज चालू आहे.

तुमच्याकडे कुणाचा बायपास झाला असेल, तर ऑपरेशनचा कागद मागून घ्या. शीर कुठून काढली आणि कुठे जोडली, ते त्यात लिहिलेलं असतं. जळगाव-धुळ्यात दुसरीकडे डॉप्लर करायची वेळ आली, तर तोच कागद आधी दाखवावा लागतो.